गोदावरी सासरी आली

समस्त वाचकांनी सावरून बसावे. ज्यांच्या हातात चहाची कपबशी असेल त्यांनी ती खाली ठेवावी, आणि ज्यांना हृदयाचा त्रास असेल त्यांनी हे प्रकरण दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावे. आमच्या घराण्याने आजवर दोन मोठी वादळं पाहिली, माडावर पडलेली वीज पाहिली, माझ्या धाकट्या आत्याचं लग्न पाहिलं. पण जी आपत्ती मी आता सांगणार आहे तिच्यापुढे ही सगळी किरकोळ होती. आमच्या बाबांनी जुनी होडी विकत घेतली. मशीनसकट.

आमचं घर मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, बंदर खाली दिसेल असं. सकाळी जाग यायची ती बर्फ फोडण्याच्या करकरीने आणि लिलावातल्या आरडाओरड्याने. घरात मी, आई आणि बाबा. मोठा भाऊ मुंबईला एका छापखान्यात. आईचा एक कायदा होता. तिच्या दारातून कुणी उपाशी जाता कामा नये. विजेचं मीटर बघायला येणारा माणूससुद्धा आमच्याकडे शेवटी येत असे, कारण आधी आला तर पुढच्या घरी पोचेपर्यंत त्याला झोप येई. पाण्याचा तांब्या पुढे केला आणि समोरच्याने नको म्हटलं, की आईचा चेहरा असा व्हायचा, जणू त्याने तिच्या माहेराचा उद्धार केला आहे. हा कायदा नीट लक्षात ठेवा, कारण पुढे त्याचे धिंडवडे निघणार आहेत.

बाबा वीस वर्षं बाळशेठच्या ट्रॉलरवर होते. आधी खलाशी, मग तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. बाळशेठ माणूस वाईट नव्हता, पण बाबा म्हणत, "दुसऱ्याच्या बोटीवर माणूस समुद्र बघत नाय, मालकाचं तोंड बघतो." त्या वैशाखात, मासेमारी बंद व्हायच्या आधी, भर लिलावात शेठ त्यांना काहीतरी बोलला आणि बाबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "शेठ, यंदा नारळी पुनवेला मी माझ्या होडीतून बाहेर पडणार. तुमच्याकडे येणार नाय." शेठ हसला. "पडलास तर मी स्वतः नारळ देईन. नाय पडलास तर दुसऱ्या दिवशी माझ्याकडे हजर. तोपर्यंत तुझी जागा ठेवतो." हे शेवटचं वाक्य त्याने चांगुलपणाने म्हटलं होतं, आणि तेच बाबांना झोंबलं. घरी येऊन ते जेवले नाहीत. आईच्या कायद्याचा पहिला भंग तोच.

होडीचा पत्ता लागला तो वेळणेश्वरला. मी दहावी पास असल्यामुळे कागद वाचायला बाबांनी मला बरोबर घेतलं. एसटीने जयगड, तिथून लाँचने खाडी ओलांडून पुन्हा एसटी. मालक होते धाकूतात्या. सत्तरीचे, काटक, दोन मुलगे मुंबईला, घरी ते आणि काकी. होडी माडांच्या सावलीत उलटी घातली होती. नाव गोदावरी. बाबांनी फळ्या ठोकून पाहिल्या, सांध्यांवरून नख फिरवलं. तात्यांनी मात्र होडीबद्दल एक शब्द सांगितला नाही. ते आमचीच चौकशी करायला लागले. "घरात कोण कोण? तुम्ही पिता काय? रागीट हाय काय स्वभाव? आवाज चढवून बोललेलं हिला खपत नाय, आधीच सांगतो." मला वाटलं मला बघायला कुणी आलंय. बाबा घाम पुसत उत्तरं देत होते. व्यवहार अर्ध्या तासात ठरला, पण मुलाखत दुपारपर्यंत चालली.

मशीन पडवीत होतं. होडीच्या पाठीमागे अडकवायचं, जुनं, निळा रंग उडालेलं, डोक्यावरच टाकी असलेलं, आणि दोरी गुंडाळून ओढायचं. आधी पेट्रोलवर चालू करायचं, तापलं की रॉकेलवर घ्यायचं. तात्यांनी पाण्याच्या पिंपात ते उभं केलं, टाकीवर हात ठेवून क्षणभर उभे राहिले, दोरी ओढली आणि दुसऱ्या झटक्याला ते असं काही गर्जू लागलं की काकींच्या कोंबड्या माडावर चढल्या. बाबांच्या तोंडावर जे हसू आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

निघताना काकींनी होडीची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. आणि डोळे पुसले. तात्या म्हणाले, "मला मुलगी नाय. हीच. मी पाठराखीण म्हणून येतो." पाठराखीण म्हणजे नवऱ्या मुलीबरोबर सासरी जाऊन चार दिवस राहणारी बाई, सत्तर वर्षांचा मिशाळ पाठराखीण मी पहिल्यांदाच पाहत होते. पण त्यांनीच मशीन धरलं आणि समुद्र शांत होता तोवर आम्हाला किनाऱ्याकिनाऱ्याने मिरकरवाड्याला आणून सोडलं. वाटेत मशीन एकदाही खोकलं नाही.

घरी आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, पाणी घातलं आणि तात्यांपुढे तांब्या धरला. तात्यांनी हात जोडले. "नाय विहीणबाई. मुलीच्या घरचं पाणी बाप पीत नाय. नातवंड झाल्यावर पिईन."

"नातवंड?" आईने विचारलं.

"पहिली मासळी लागली की."

आईने तांब्या खाली ठेवला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

आता तीन महिन्यांची कहाणी मी थोडक्यात सांगते, नाहीतर मलाच पुन्हा चिडचिड व्हायची. पावसाळ्यासाठी होडी वर ओढली, झावळ्यांनी शाकारली आणि मशीन घरात आणलं. माजघरात, लाकडी घोडीवर, आईच्या जुन्या लुगड्याखाली. आईला ते मशीन अजिबात आवडलं नव्हतं. त्याच्यापायी रेशनचं रॉकेल अर्ध्यावर आलं होतं आणि भाकरीलाही त्याचा वास यायला लागला होता. पण होडी बाहेर, तेव्हा घरातली गोदावरी म्हणजे हे मशीनच, आणि सून घरात आली ती आली. रोज सकाळी देवपूजा झाली की आई मशीनला हळदकुंकू लावी. कपाळ कुठलं यावर घरात थोडा वाद झाला, पण टाकीचं गोल झाकण सगळ्यात वर होतं, म्हणून तेच कपाळ ठरलं. पावसाळ्याच्या दमट हवेत कुंकू टिकत नाही, तेव्हा आई आपल्या आईसारखी आधी मेणाचं बोट फिरवी, मग त्यावर ठसठशीत कुंकू. "नव्या सुनेचं कपाळ मोकळं बरं दिसत नाय," ती म्हणे. माझं कपाळ मोकळं असायचं त्याबद्दल कुणाला काही वाटत नव्हतं.

आणि मशीन चालू होईना. तेही धड नाही. मागच्या अंगणात पिंपात उभं करून बाबा दोरी ओढत, ते चालू होई, दोन-तीन मिनिटं छान चाले, आम्ही टाळ्या वाजवणार तोच गुदमरून बंद. तेल आहे का म्हणून बाबा झाकण उघडून बघत, तेल असे. झाकण लावून पुन्हा दोरी, पुन्हा दोन मिनिटं, पुन्हा बंद. प्लग काढून आईच्या तव्यावर भाजले, एकदा तर बोंबलांच्या शेजारी. गल्फच्या जहाजावर इंजिनात काम केलेले इब्राहिममामू आले, त्यांनी सगळं खोललं, पुसलं, परत जोडलं आणि दोन स्क्रू उरले ते खिशात घालून बाबांना म्हणाले, "विष्णू, ह्याला मेकॅनिक नको, मौलवी बघ." बाबांच्या तळहाताला फोड आले. ते फुटले. त्यांच्यावर पुन्हा आले.

आणि दर आठ दिवसांनी धाकूतात्या येत. पावसात, छत्री उलटी होत, एसटी, लाँच, एसटी. मिरकरवाड्यात त्यांची मावसबहीण राहायची, मुक्काम आणि जेवण तिच्याकडे. आमच्याकडे फक्त मुलीला भेटायला. आल्या आल्या मला म्हणत, "बाय, झाडूची एक हीर दे गो, दातात काय अडकलंय." मग मशीनपाशी पाठमोरे बसून जरा वेळ काहीबाही करत, लुगडं सारखं करत, आणि दोरी ओढत. दुसऱ्या झटक्याला चालू. अर्धा तास अखंड. मग बंद करून बाबांना म्हणत, "हिला जरा प्रेमानं घ्या." बाबांचे दात करकरत. तात्या गेले की दुसऱ्या सकाळी मशीन पुन्हा गुदमरायला मोकळं.

आई वेगळ्याच कारणाने पेटली होती. तिने त्या माणसापुढे काय काय ठेवलं नाही! चहा, सोलकढी, फणसाची साठं, आठळ्या घातलेलं सुकटाचं कालवण, घावनं. तात्या हात जोडत. मावसबहीण वाडीभर सांगत फिरे, "आमचा तात्या एवढ्या लांबून जातो, पण तिथं पाण्याचा थेंब मिळत नाय हो." आई हे ऐकून रात्रभर कूस बदलत असे. एकदा जाताना तात्या उंबऱ्यापाशी थबकले आणि फार अवघडून म्हणाले, "विहीणबाई, पूजा तुमची अगदी साग्रसंगीत... जरा कडेकडेनं केलीत तर?"

"कडेकडेनं म्हणजे?"

"नाय, काय नाय. तुमच्या घरची रीत. मी कोण बोलणार?" आणि गेले.

माणूस सांगायला आला होता आणि न सांगता गेला, हे मला कळायला पुढे बराच काळ लागला. त्या वयात मला एवढंच दिसत होतं की हा म्हातारा आमच्या झाडूच्या हिरी संपवतोय.

पुनवेला आठ दिवस उरले तेव्हा बाबांचा बांध फुटला. तात्या आले, हीर मागितली, मशीन चालू केलं आणि म्हणाले, "प्रेमानं..." बाबा ओरडले, "पोर दिलीत ना, तात्या? मग नांदू द्या की तिला! आठ-आठ दिवसांनी बाप दारात उभा राहिला तर कुठली पोर सासरी रमेल?" तात्यांनी छत्री उचलली. आमच्याकडे बघितलंही नाही. मशीनवरचं लुगडं तेवढं सारखं केलं आणि भर पावसात उतरून गेले.

पुढचे पाच दिवस मशीनने आम्हाला जे दाखवलं ते शत्रूलाही दिसू नये. बाळशेठच्या माणसाने येऊन हळूच विचारलं, "तांडेल, तुमचं अंथरूण आणि कपडे बोटीवर नेऊन ठेवू काय?" बाबा पडवीत बसून आपल्या फोडांकडे बघत राहिले. तिथवर मला ही सगळी गंमत वाटत होती. त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं की हा माणूस खरंच परत जाणार, खाली मान घालून, त्याच बोटीवर, त्याच लोकांच्यात, आणि मग पुन्हा कधी काही मागणार नाही.

सकाळी आईने मला उठवलं. "चल. वेळणेश्वरला जायचंय." ती नऊवारी नेसली, तिने नथ घातली. नथ घातलेली आई म्हणजे लढाईला निघालेली आई. लाँच अर्ध्या खाडीत असताना तिने माझा हात असा दाबला की वळ उठले, पण तोंडातून आवाज काढला नाही. तात्यांच्या पडवीत गेली आणि मांडी घालून बसली. काकी पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या.

"नको," आई म्हणाली.

"अगो बाय, चहा तरी..."

"नको. मुलाकडची बाई आहे मी. व्याही रुसून बसलेत. ते येतो म्हणत नाहीत तोवर या घरचं पाणी मला वर्ज्य."

काकींनी दाराआड बसलेल्या तात्यांकडे बघितलं. विहीण दारात तहानलेली! दुपार झाली. काकींनी नारळाच्या दुधातली खीर केली; आईने पातेल्याकडे पाहिलंही नाही. मी मात्र खाल्ली, मला काही वर्ज्य नव्हतं. दुसरी वाटी संपत आली तेव्हा तात्या दाराआडून बाहेर आले, पिशवी खांद्याला, छत्री हातात, आणि म्हणाले, "पाणी प्या, विहीणबाई. तुमच्यापुढे कुणाचं काय चालणार?" आईने एका दमात पूर्ण तांब्या रिकामा केला.

बाबा आणि तात्या यांच्यात माफीबिफी झाली नाही. तात्या येऊन मशीनपाशी बसले, बाबांनी स्वतः त्यांना हीर आणून दिली. संपलं. आमच्याकडचे पुरुष एवढंच करतात.

आणि पुनव आली. सगळा किनारा माणसांनी भरलेला, ट्रॉलरांना पताका, सोनेरी कागदातले नारळ, घराघरातून नारळीभाताचा वास. सकाळीच तात्यांनी मशीन चालवून दाखवलं होतं. ते गोदावरीवर चढवलं, बाबा आत बसले. बाळशेठने शब्द पाळला, नारळ घेऊन आपल्या ट्रॉलरवरून वाट बघत होता. आणि मग आई पूजेचं ताट घेऊन गुडघाभर पाण्यात उतरली. आज मोठा दिवस, समुद्राचं पाणी उडणार, म्हणून तिने मेण नेहमीच्या तिप्पट लावलं. दाबून लावलं. त्यावर कुंकवाचा असा मळवट भरला की झाकण दिसेना. तात्या माझ्या शेजारी उभे होते. खाडीतली निवटी मासळी चिखलावर येऊन तोंड उघडझाप करते ना, तसं त्यांचं तोंड होत होतं. आवाज येत नव्हता.

दुसऱ्या झटक्याला मशीन चालू झालं. ढोल वाजले. गोदावरी निघाली, पहिल्या ट्रॉलरपर्यंत गेली, त्याच्या पुढे गेली, आणि बंद पडली. बाबांनी झाकण उघडलं, तेल पाहिलं, लावलं, दोरी ओढली. चालू. लोक ओरडले. बंद. भरती तिला आडवी करायला लागली. बाळशेठने ट्रॉलर जवळ घेतला आणि दोर फेकला. "विष्णू, धर रे! उगाच खडकावर जाशील!" त्यात कुचेष्टा नव्हती, खरी काळजी होती. बाबा दोराकडे बघत राहिले. मग त्यांनी हात लांब केला आणि दोर धरला. आईने डोळे मिटून घेतले.

तेव्हा तात्या धोतरासकट पाण्यात घुसले आणि दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडले, "विष्णूऽऽ! कुंकू पूस! झाकणावरचं कुंकू पूस आधी! खाली भोक हाय!"

किनाऱ्यावरच्या बायकांनी तोंडावर पदर घेतले. सणाच्या दिवशी, सवाष्णीच्या समोर, कुंकू पूस! पण बाबांना शेवटचे तीन शब्द ऐकू आले. त्यांनी अंगठ्याच्या नखाने मेण खरवडलं. त्या झाकणाला सुईच्या नेढ्याएवढं भोक असतं. त्यातून हवा आत गेली नाही तर टाकीतलं तेल पुढे सरकत नाही. आई रोज सकाळी ते भोक बुजवत होती, आणि तात्या दर आठ दिवसांनी एवढा प्रवास करून, पाठमोरे बसून, झाडूच्या हिरीने ते मोकळं करत होते. एका शब्दाचं काम होतं. पण विहिणीच्या पूजेत खोट कशी काढायची, आणि बापाने लेकीच्या कपाळाचं कुंकू पुसा असं तोंडाने कसं म्हणायचं? आज माझे मुलगे मोबाइलवर समुद्राचा तळ बघतात आणि ही गोष्ट सांगितली की विचारतात, "आई, मग त्यांनी सरळ सांगितलं का नाही?" मी त्यांना उत्तर देत नाही. त्यांना जेवायला वाढते.

मशीन चालू झालं ते थांबलं नाही. बाबांनी दोर शेठच्या ट्रॉलरवर परत फेकला आणि बंदराच्या तोंडापर्यंत जाऊन उभ्यानेच परत आले. ट्रॉलरवर ते पुन्हा कधी चढले नाहीत. दोन दिवसांनी जाळ्यात टोपलीभर मांदेली लागली आणि तात्यांनी आमच्या घरी तीन वाट्या कालवण आणि सात भाकऱ्या खाल्ल्या; आई वाढत होती आणि दारातून येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून दाखवत होती.

पण हे सगळं नंतर. त्या क्षणी, बाबा अजून मेण खरवडत असताना, आई पाण्यातच गर्रकन वळली. नथ थरथरत होती. "माझ्या डोळ्यांदेखत कुंकू पुसायला सांगता? तीन महिने तुमच्या पोरीचा एवढा मान केला, त्याची ही फेड?" आणि तीन महिने "विहीणबाई, विहीणबाई" करत अदबीने हात जोडणारे धाकूतात्या, सगळी वाडी ऐकत असताना, कंबरभर पाण्यातून आईवर खेकसले:

"अगो, पुरे गो तुझा मान! माझ्या पोरीला श्वास घेऊ दे!"